शेकाच्या पिशवीचा मत्सर

मित्रांनो, सदर लेखात मी माझ्या सेवेची व माझ्या मत्सराची हकिकत यथाक्रम निवेदन करणार आहे, तरी शांतचित्ताने वाचावी. मी एक जुनी, तांबड्या रबराची, गरम पाण्याने शेकण्याची पिशवी आहे.

राहात्याच्या औषधांच्या दुकानातून मी बायडाबाईंच्या घरी आले. त्या बाजारात दिवसभर बसून पेरू निवडीत. सायंकाळी त्यांचे ओटीपोट ठणकू लागे. मग यजमान मला भरून आणीत व मी बाईंच्या पोटावर विराजमान होई. "हिच्याबिगर माजं पान हलत न्हाई," असे त्या म्हणत. केवढी ही धन्यता!

पुढे त्यांचा डावा पाय सुजला. शिरेत रक्ताची गाठ झाली होती. ती औषधाने विरली, परंतु वर्षाच्या आत त्याच पायात पुन्हा झाली. तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी मांडीपर्यंतचा एक घट्ट मोजा दिला, आणि माझे सुख संपले. तो बाजारात हिंडे. "डाक्टरनी दिलाय," असे त्या चारचौघींत कौतुकाने सांगत. मला मात्र शेजारीण आली की उशीखाली दडवीत. तो सावलीत वाळे, मी खिळ्याला उलटी लोंबे. त्याला भोक पडावे, अशी नीच इच्छाही मी केली.

गाठ तिसऱ्यांदा झाली. "ही सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले. त्याच वेळी बाई थैलीतून मोजा काढीत असता मी घरंगळून डॉक्टरांच्या पायांशी पडले.

"ही कशाला आणली?"

"उगं आपलं, ओटीपोट शेकायला."

"कधीपासून दुखतंय?"

"झाली की तीन वर्सं."

"आणि मला आज सांगताय?"

"आता तुमी पायाचं डाक्टर! तुमाला पोटाचं काय सांगायचं?"

डॉक्टर थबकले. "दर वेळी डावाच पाय, आणि वर हे दुखणं. दोन्हींचं मूळ एकच असू शकतं. पोटातल्या शिरा तपासू."

ओटीपोटातील एक शीर दबलेली आढळली; तिच्यामुळेच रक्त तुंबून डाव्या पायात गाठी होत व पोटही दुखे. उपचार झाले, सूज उतरली. आता मी क्वचितच भरली जाते. मोजा अजून पायात चढतो, आणि खरे सांगते, त्याचा हेवा अजून वाटतो.

मित्रांनो, माझ्या उबेने दुखणे निजते, जात नाही. म्हणून डॉक्टर कशाचेही असोत, त्यांना सगळे सांगत जा.

माझ्या पत्नीसाठी ही पिशवी तीन वर्षे भरणारा, परंतु "का दुखतंय गं?" एवढे एकदाही न विचारणारा मी, आसाराम गाडेकर, मुक्काम राहाता, आपण हे वाचल्याबद्दल मनःपूर्वक आभारी आहे.