फोटोपुरतं काढलेलं जॅकेट

"अगं, फोटोपुरतं तर काढायचंय! मंडळाचं नाव छापून टी-शर्ट करून घेतलेत, ते काय त्या नारिंगी जॅकेटखाली झाकून ठेवायचे?"

सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या फ्लॅटमध्ये निशिकांत बायकोवर डाफरला. रविवारी मराठी मंडळाची कयाकची, म्हणजे वल्हवायच्या छोट्या होड्यांची, सहल होती आणि ती ठरवणारा तोच होता. सरिता म्हणाली, "पाण्यात असताना लाइफ जॅकेट काढायचं नाही. फोटो काठावर काढा." "तुझं आपलं काहीतरीच!" म्हणून त्याने विषय उडवून लावला.

मंडळी, हा निशिकांत कोण? जुरोंग आयलंडवरच्या रसायन कारखान्यातला सेफ्टी मॅनेजर! हेल्मेटचा पट्टा ढिला दिसला तरी माणसाला गेटवरून परत पाठवणारा. पण आपली माणसं जमली की हेच महाशय सगळे नियम गुंडाळून ठेवतात आणि वर म्हणतात, "चालतं हो!" संताप येतो तो याचा.

रविवारी खारफुटीतून कयाक निघाल्या तेव्हा सगळे खुशीत होते. बगळे दिसत होते, गाण्याच्या भेंड्या रंगल्या होत्या. नदीच्या मुखाशी निशिकांतने सगळ्या कयाक एकमेकींना भिडवून घेतल्या. "काढा जॅकेटं! टी-शर्ट दिसू देत!"

भराभर जॅकेटं उतरली. सरिताने काढलं नाही. मंडळातल्या मनोहरची बायको राणी, नुकतीच नागपूरहून आलेली, चाचरत म्हणाली, "दादा, माझं राहू दे ना."

"अहो वहिनी, कमरेएवढं पाणी आहे! तुम्ही काय समुद्र ओलांडताय?"

सगळे हसले. राणीने जॅकेट काढलं.

तेवढ्यात जवळून एक मोटरबोट गेली. लाटांनी कयाक एकमेकींवर आदळल्या आणि राणीची उलटली. पाणी कमरेएवढं नव्हतंच! ती एकदा वर आली, पुन्हा खाली गेली. निशिकांत आपली कयाक घट्ट धरून नुसता ओरडत राहिला. शेवटी सरिताने उडी टाकली आणि दंडाला धरून तिला वर ओढलं.

काठावर चिखलात बसून राणी पाणी ओकत होती. निशिकांत म्हणाला, "वहिनी, पोहता येत नाही हे आधी सांगायचं नाही का?"

सरिता भडकली. "सांगतच होती ती! तू हसलास! आणि तुला तरी कुठे येतं पोहायला? म्हणूनच बसलास ना कयाकला चिकटून? कंपनीत परक्यांचा जीव सांभाळतोस. आपल्या माणसांचा जीव काय फुकटचा आहे?"

निशिकांतची मान खाली गेली. राणी हळूच म्हणाली, "सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटली हो दादा."

ते वाक्य त्याला फार लागलं. पोहता येत नाही हे त्याने स्वतः तरी कुणाला सांगितलं होतं!

पुढच्या सहलीला त्याने सगळ्यांना काठावरच थांबवलं. "मला पोहता येत नाही," असं म्हणून आधी स्वतःचा हात वर केला. "आणखी कोण?" मग राणीचा हात वर आला. मग मनोहरचा. मग एकेक करत निम्म्याहून अधिक!

बंधुभगिनींनो, भीती बोलून दाखवणाऱ्याला हसू नका. आपल्या हसण्याला घाबरून माणसं गप्प बसतात आणि जीव धोक्यात घालतात. त्या दिवशी हात वर केलेल्या प्रत्येकाने मागच्या वेळी फोटोसाठी जॅकेट काढलं होतं.