काचेवरची शीट

वर्गातली पोरं तिला ताई म्हणत. सव्विसावं लागलेलं, घरी तीन वर्षांची लेक आणि इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "एक वर्ष बघू. घोडं अडलं, तर मुकाट्यानं घरी बसायचं." त्यामुळे आजची सही तिला हवीच होती. ड्रॉइंगच्या आठही शीटवर सही नाही तर टर्म नाही, आणि टर्म नाही तर परीक्षा नाही.

आठवी शीट तिनं तीन दुपारी खपून काढली होती, लेक झोपली की तेवढ्या वेळात. एकाच ठोकळ्याची तीन चित्रं: समोरून, वरून, बाजूनं. ठोकळ्याच्या पोटातलं भोक बाहेरून दिसत नाही, म्हणून ते तुटक रेषेनं दाखवायचं. पण लेक रडत उठली आणि घाईघाईत ती रेष सलग ओढली गेली.

काल मागच्या बाकावरचा लंबू हात धुऊन मागे लागला. "ताई, एक दिवस दे ना. नुसती मापं बघतो, आईशप्पथ." तिनं दिली.

आज सरांच्या टेबलावर दोन्ही शीट शेजारी शेजारी पडल्या. दोन्हींत तीच रेष सलग.

"जुळी भावंडं वाटतं?" सर म्हणाले. वर्ग खिदळला. "खरी कोणती?"

लंबू एक पाऊल मागे सरकला.

"माझी, सर," ती म्हणाली. "मागून हात फिरवून बघा. माझ्या कागदाला कंपासच्या टोकाची भोकं लागतील, याच्या कागदाला एकही नाही. यानं काचेवर ठेवून, खालून दिवा लावून गिरवलीय."

सरांनी हात फिरवला नाही. "भोकं मोजायला बसलोय का मी? तुझ्या शीटवर सगळीकडे खोडल्याचे डाग. त्याची स्वच्छ तरी आहे." दोन्ही शीटवर लाल पेनची फुली पडली. "देणारा नि घेणारा, एकाच माळेचे मणी. पाचपर्यंत नवी आणा, नाहीतर भेटू पुढच्या वर्षी."

तीन वाजले होते. नव्यानं काढायची तर सहा तास हवेत, आणि लेकीचं पाळणाघर सहाला बंद.

जिन्यात लंबूनं गाठलं. "ताई, चुकलंच माझं. पण काच आहे माझ्याकडे. खालून मोबाईलचा दिवा धरतो, तासाभरात होईल."

"थोबाड फोडीन तुझं."

"फोड. पण आधी शीट काढ."

तिनं काचेवर स्वतःचीच फुलीची शीट पसरली, वर कोरा कागद ठेवला. उजेडात तिच्याच रेषा खालून वर आल्या. ज्या रेषा ओढताना तिनं ठोकळ्याच्या पोटातल्या भोकाचाही विचार केला होता, त्या आता हात नुसता गिरवत होता, शेजारच्या कुणाच्या असाव्यात तशा. चुकलेली रेष तेवढी तुटक काढली.

पाचला दहा कमी असताना सरांनी शीट उंच धरली. एक डाग नाही.

"बघ! स्वतः काढलं की कसं साफ येतं!" त्यांनी सही ठोकली.

"हो, सर."

बाहेर लंबू ओशाळं हसत उभा होता. "झालं ना, ताई?"

"झालं." तिनं शीटची गुंडाळी केली. "पुढच्या सत्रात मशीन ड्रॉइंग आहे. वर्गात सगळ्यात चांगलं कोण काढतं रे?"