अंतऱ्यापाशी अडणारा संगणक

१४ नोव्हेंबरला सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी संगणक तिसऱ्यांदा अडला, तेव्हा नानांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. काचेपलीकडच्या खोलीत त्यांची बायको, माई, मायक्रोफोनपुढच्या स्टुलावर बसली. सूनबाईने माऊस दोनदा हलवून पाहिला, उगाच हलवावा तसा. पडद्यावर तीच सूचना होती: मेमरी अपुरी आहे.

"दमलं वाटतं तुझं यंत्र," माईंचा आवाज स्पीकरमधून आला. "चालू होईतो मी पाणी पिते."

"घ्या आई, सावकाश. दहा मिनिटं तरी लागतील."

नानांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी यंत्रेच दुरुस्त केली होती, आणि यंत्र दमते यावर त्यांचा विश्वास नव्हता. यंत्राला कारण असते.

या यंत्राचे कारण त्यांना मागच्याच आठवड्यात सापडले होते. सुनेच्या या छोट्या स्टुडिओत एकेका वाद्याचे हजारो नमुने संगणकाच्या मुख्य मेमरीत भरावे लागत. ती भरली की उरलेला भार डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेत टाकायचा. हीच आभासी मेमरी. ती राखीव जागा कोणीतरी शून्यावर आणून ठेवली होती. नानांनी ती सोळा हजार मेगाबाइट केली, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला आणि सुनेला तसे सांगितले. 'बरं झालं, बाबा,' असे ती म्हणाली खरी, पण मान वर न करता. दोन दिवसांनी तिथे पुन्हा शून्य होते.

पासवर्ड घरात नाना आणि सून या दोघांनाच ठाऊक होता. मुलगा जहाजावर. संशय घ्यायला तिसरे माणूसच नव्हते.

नाना मग नुसते पाहत राहिले. जाहिरातींचे संगीत करताना हाच संगणक कुरकुर न करता चालायचा. माई गायला उभ्या राहिल्या की अडायचा, आणि तोही नेमका लांब अंतऱ्यापाशी. त्याच्या जरा आधी सुनेचा हात माऊसकडे जाई आणि ती व्हायोलिनांचा सगळ्यात जड संच उघडे. गाण्यात त्याचे काही काम नसे. संगणक अडल्यावरही तोवरचे गाणे मात्र शाबूत राही. हा मुद्दा नानांच्या तर्कात बसत नव्हता. तो त्यांनी तूर्त बाजूला ठेवला.

माईंचा हा कितीतरी वर्षांनंतरचा पहिला संग्रह होता, आणि बहुधा शेवटचा. काम रखडले तर उरलेली गाणी एका तरुण गायिकेकडून घेऊ, असे संगीत कंपनीने सौम्य शब्दांत कळवले होते. त्या गायिकेचे येणेजाणे याच स्टुडिओत. सुनेला कोण जास्त सोयीचे, हे समजायला तंत्रनिकेतनात जावे लागत नव्हते.

"तुझ्या लाडक्या सुनेच्या मनात काय आहे, ते एकदा विचार तिला," जेवताना ते माईंना म्हणाले.

"तुम्ही नटबोल्ट बघा. माणसं मी बघते," माई म्हणाल्या आणि त्यांच्या पानात भात वाढला.

अठरा तारखेला कंपनीचे साहेब स्वतः ऐकायला येणार होते. सून त्यांना घ्यायला खाली गेली, तेवढ्यात नानांनी राखीव जागा पुन्हा सोळा हजार केली, व्हायोलिनांचा संच दुसऱ्या डिस्कवर हलवला आणि संगणक नव्याने सुरू केला. ती वर आली तेव्हा तिच्या खुर्चीवर ते बसले होते.

"आज मी बसतो इथं. तू साहेबांकडे बघ."

तिने पडद्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "बाबा, आज नको. प्लीज."

"का? काय बिघडणार आहे?"

तिने काचेकडे एकदा पाहिले. साहेब सोफ्यावर टेकत होते.

गाणे सुरू झाले. संगणक सुतासारखा सरळ वागत होता. ध्रुवपद झाले, पहिला अंतरा झाला. सून साहेबांशेजारी बसली होती, पण अर्धवट उठल्यासारखी. मग ती लांब ओळ आली.

नाना पडद्यावर नजर लावून होते, म्हणून त्यांना ते आधी आवाजाच्या रेषेत दिसले. रेषा बारीक होत गेली, तुटली, पुन्हा सांधली, पुन्हा तुटली. त्यांनी वर पाहिले. माईंनी एका हाताने शब्दांच्या कागदाचा स्टँड घट्ट धरला होता. खांदे वरखाली होत होते. त्या गात होत्या आणि काचेतून एकटक संगणकाकडे बघत होत्या, उशीर झालेल्या गाडीची वाट बघावी तशा.

साहेबांनी हेडफोन कानावर नीट दाबला. "काही झालं का?"

सून उभी राहिली.

आयुष्यात नानांनी एकाही यंत्रावर खोटा आळ घेतला नव्हता.

"थांबा," ते म्हणाले आणि ध्वनिमुद्रण थांबवले. "मेमरी भरली. जुनं मशीन आहे, असंच करतं. दहा मिनिटं लागतील."

स्पीकरमधून आधी नुसता श्वास आला. मग माईंनी विचारले, "दमलं का हो?"

"दमलं," नाना म्हणाले.

सूनबाई पाण्याचा ग्लास घेऊन आत गेली. साहेबांना दिसणार नाही इतपत नानांनी पडदा आपल्याकडे वळवला. खालच्या कोपऱ्यात वापरलेली मेमरी दिसत होती: एकेचाळीस टक्के.