दोन मुठींचा ओळंबा

हेबेर्तो चोर आहे असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला ठाऊक नाही. दुसरा मीच होतो. मोठ्यानं नाही म्हणालो, मनात म्हणालो, पण म्हणालो.

माझ्या पोरीच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरून उभा राहिलेला माणूस तो. तेव्हापासून आम्ही एकमेकांना कोम्पाद्रे म्हणतो. म्हणजे सख्ख्या भावाहून थोडं जास्तच, कारण भावाशी भांडता येतं.

मराकाइबोच्या तळ्याकाठी आमच्या तेलाच्या टाक्या आहेत. मी तिथं लेथवर, हेबेर्तो मोजणीवर. टाकीवर चढायचं, वरच्या भोकातून टेप सोडायची, टोकाचा पितळी ओळंबा बुडाला टेकला की ओढून घ्यायची आणि काळं तेल कुठवर लागलंय तो आकडा लिहायचा. झालं काम. बावीस वर्षं तेच.

सात नंबरची टाकी भरली, पण जहाज येईना. दुसरा मोजणीवाला विल्मेर, त्यानं मोजली: नऊ मीटर चौऱ्याऐंशी. व्हॉल्व्हला कुलूप घातलं, किल्ली हेबेर्तोकडे दिली, आणि आठवड्यानं बायकोपोरं घेऊन कोलंबियाला निघून गेला. ना निरोप, ना काही. पंधरा दिवसांनी हेबेर्तोनं मोजली तर नऊ ब्याऐंशी. दोन सेंटिमीटर कमी. ऐकायला काही नाही वाटत, पण टाकी केवढी! दीडशे पिंपं झाली ती.

इंजिनिअरबाई मारिलू स्वतः टाकीवर चढल्या. आवारात आता टेप एकच उरलेली, हेबेर्तोची. त्याच टेपनं मोजलं. नऊ ब्याऐंशी.

"कुलूप शाबूत, किल्ली तुझ्याकडे," बाई म्हणाल्या. "आता तूच सांग हेबेर्तो, तेल काय उडून गेलं?"

"चिनिता माउलीची शपथ, बाई, मी हात नाही लावला."

"माउलीला मध्ये घेऊ नकोस. सोमवारी कप्तान येतोय. त्याला सांग."

कप्तान लष्करातला. तो येतो म्हणजे गाडीत घालून नेतो. नेलेला माणूस परत कधी येतो ते कुणी विचारत नाही.

त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये हेबेर्तो बसला की टेबल रिकामं व्हायचं. मी उठलो नाही. पण खाली मान घालून पाताकोन, तळलेली कच्ची केळी, खाताना डोळे त्याच्यावरच. कारण मला एक गोष्ट दिसली होती: रोज संध्याकाळी सायकलीच्या मागं वीस लिटरचा कॅन बांधून तो मागच्या फाटकानं जायचा. कॅनवर पोतं टाकलेलं. चांगल्या मालावर पोतं कोण टाकतं?

शुक्रवारी मी त्याच्या मागं गेलो. चालत; तोही लादलेली सायकल ढकलतच नेत होता. चपला हातात घेतल्या, आवाज नको म्हणून. या वयात! तो घरी पोचला, कॅन उतरवून आत गेला. मी कुंपणावरून हात घातला, झाकण काढलं, वास घेतला.

वासच नाही. बोट बुडवून चाटलं. पाणी! वाफेच्या पाइपातून ठिबकतं ते, कोमट आणि बेचव. गल्लीत अकरा दिवस नळाला पाणी नव्हतं.

"पिऊन घे की कोम्पाद्रे," आतून आवाज आला. "ग्लास देऊ?"

दारात उभा होता तो. माझा हात कॅनमध्ये, चपला काखेत.

"मी... इकडून जात होतो."

"अनवाणी?"

मी चपला खाली टाकून पाय घातले. 

"दीडशे पिंपं, नेरियो," तो म्हणाला. "सायकलवरून. तुझ्या डोक्याचा लेथ कधी बंद पडला रे?" हसला नाही तो. आत जाऊन खुर्चीवर बसला. मी मागोमाग गेलो. न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. टेप त्यानं घरी आणली होती. तिला आता कुणी हात लावायला नको म्हणून. ओळंबा हातात धरून तो उलटासुलटा फिरवत होता, बायका जपमाळ फिरवतात तसा. एका मुठीवर दुसरी मूठ. त्याच्या मुठी लहान, लिंबाएवढ्या. आम्ही त्यावरून त्याला चिडवायचो.

आणि दोन्ही मुठींच्या खाली ओळंब्याचं टोक बोटभर बाहेर.

"थांब," मी म्हणालो. "हलू नको."

तो ओळंबा मी केलेला. जुना ओळंबा हूक तुटून टाकीत पडला, नवा स्टोअरमध्ये आठ महिने मागून मिळाला नाही. विल्मेरचा बघून केला असता, पण विल्मेर आपली टेप कपाटात कुलपात ठेवायचा, मागितली तर म्हणायचा, हरवली. आमच्याकडे सगळेच तसे; मीपण माझे पाने-पकडी कुलपात ठेवतो. मग हेबेर्तो म्हणाला होता, "दोन मुठींचा कर, बरोबर दोन मुठी." मी जुन्या व्हॉल्व्हच्या पितळेतून केला. दोन मुठींचाच केला.

माझ्या मुठींचा.

मी ओळंबा घेऊन धरला. माझ्या दोन मुठींत टोकापर्यंत बसला. हेबेर्तो बघतच राहिला. आकडे टोकापासून धरलेले असतात. ओळंबा बोटभर लांब, म्हणजे टेप बोटभर उंच लटकते, आणि तेल बोटभर कमी दिसतं. तेच दोन सेंटिमीटर.

"अरे गाढवा," तो हळूच म्हणाला. मला की स्वतःला, कळलं नाही. मग डोळे बारीक केले. "हे तू आत्ता रचलं नाहीस ना? मला वाचवायला?"

"मला एवढं रचता आलं असतं तर मी लेथवर असतो का?"

शनिवारी सकाळी दोघं बाईंसमोर. त्यांनी ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं.

"तुम्ही कोम्पाद्रे ना? मग पितळ काल रात्री लांब केलं नाही कशावरून?"

"पितळ कापता येतं बाई," मी म्हणालो, "वाढवता येत नाही. मुद्दाम केलं असेल तर माझी नोकरी घ्या. चुकून केलं असेल तरी घ्या. पण विल्मेरचं कपाट फोडा."

कुलूप मीच कापलं. आत विल्मेरची टेप. आणि तिच्यामागं तेलकट कागदात गुंडाळलेले तीन कोरे ओळंबे! स्टोअरमध्ये आठ महिने नसलेले. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, आम्ही बाईंकडे.

टाकीवर तिघं चढलो. विल्मेरची टेप बाईंनी स्वतः सोडली, दोनदा. नऊ चौऱ्याऐंशी. दोनदा.

कप्तानाला फोन गेला की येऊ नका. माझा आठवड्याचा पगार कापला. आणि तीन कोरे ओळंबे बाईंनी आपल्या खणात ठेवले. कुलपात.

हेबेर्तोनं मला माफ केलं असं बायको म्हणते. मला माहीत नाही. दर शनिवारी तो माझ्या दाराशी सायकल थांबवतो, पाण्याचा एक कॅन उतरवतो, पण लगेच जात नाही. झाकण काढतो आणि म्हणतो, "घे, वास घे आधी."

सगळी गल्ली बघत असते. मी वाकतो आणि घेतो.