शेषरावांच्या डोक्यावरचा हेडसेट

शेषरावांचे कान जिनिंगमध्ये गेले. अकोल्यात उमेदीची सगळी वर्षं त्यांनी रेच्यांच्या ओळीत उभं राहून काढली, आणि कापसातून सरकी वेगळी करणारी ती यंत्रं एकदा सुरू झाली की माणसाचं बोलणं कुठल्या कुठं जातं. म्हणून तिथली माणसं हातानंच बोलत. पाणी प्यायला चाललो, पट्टा निसटला, मालक आले, सगळ्याला खुणा ठरलेल्या. आणि समोरच्याचं समजलं की उजवा हात उचलून पंजा दाखवायचा. तोंडानं 'हो' म्हणणारा नवखा ठरायचा. काम सुटलं तरी शेषरावांची ही सवय काही सुटली नाही. किराणावाला म्हणाला, शेंगदाणे संपले, की हे पंजा दाखवून घरी परत.

समोर बसून, कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर त्यांना अर्धंमुर्धं कळायचं. फोनवर मात्र नुसती खरखर. कानाचं मशीन आणून पाहिलं, तर त्यातून पंखा आणि भांडी तेवढी मोठ्यानं ऐकू आली. तीन दिवसांत ते कपाटात गेलं आणि शेषराव पुन्हा आपल्या शांततेत जाऊन बसले. त्यांची तक्रार नव्हती. तक्रार एकाच गोष्टीची होती, आणि ती रोज संध्याकाळी वाजायची.

त्यांची एकुलती एक लेक ज्योत्स्ना अमरावतीला विमान चालवायला शिकत होती. राजापेठेत खोली, बरोबर प्रतीक्षा नावाची तिच्याच वर्गातली मुलगी, आणि रोज सकाळी बेलोऱ्याची धावपट्टी. गल्लीतल्या प्रत्येकाला हे शेषरावांनी सांगून झालं होतं, काहींना दोनदा. ज्योत्स्ना रोज संध्याकाळी फोन करायची. तिची आई भागीरथा, अंगणवाडीची सेविका, फोन घेऊन अंगणात फेऱ्या मारत बोलायची. तिचं तोंड कधी हसरं होई, कधी एकदम उतरे. शेषराव खुर्चीत बसून ते तोंड वाचायचा प्रयत्न करत. फोन बंद झाला की विचारत, "काय म्हनते?"

भागीरथा वाकून त्यांच्या कानात ओरडायची, "बरी हाय."

"इतका वेळ बरीच हाय?"

"हाव."

एकदा ते भडकलेच. "पोट्टी आभाळात जाऊन रायली, अन् माया वाट्याले दोन शबुद? मले तिच्या तोंडून आयकू दे ना कवातरी."

हे भागीरथेनं लेकीला सांगितलं, आणि पुढच्या रविवारी ज्योत्स्ना अकोल्याला आली ती एक हेडसेट घेऊन. तिच्या एका सरांनी नवा घेतला, तेव्हा जुना तिला दिलेला. दोन्ही कान पुरते झाकणाऱ्या जाड गाद्या, तोंडापुढं वाकवलेला माइक, आणि प्रत्येक कानाला आवाज वाढवायचं वेगळं बटण. विमानाच्या इंजिनाच्या घोंगाटात हा चालतो, मग बाबांच्या कानाला का चालू नये, असा तिचा साधा हिशेब होता. अडचण एकच होती. त्याला दोन पिना, एक जाड ऐकायची, एक बारीक बोलायची. आणि मोबाईलच्या भोकात दोन्ही जाईनात. राजापेठेतल्या मोबाईलच्या दुकानांतून तिनं तो हेडसेट मिरवून आणला होता. दुकानदारांनी कौतुकानं पाहिला, एकानं स्वतःच्या डोक्याला लावून फोटोही काढला, पण जोडणारी वायर कोणाकडेच नव्हती. शेवटी तिनं ती ऑनलाइन मागवली.

वायर आली ती ज्योत्स्ना परत गेल्यावर. संध्याकाळी लेकीनं फोनवर सांगितलं तसं भागीरथेनं जोडायला घेतलं. जाड पीन मोठ्या भोकात, बारीक पीन लहान भोकात, वायरचं दुसरं टोक मोबाईलमध्ये. रोज त्या मोबाईलवर अंगणवाडीतल्या पोरांची वजनं भरणारी बाई ती, तिला यात काही अवघड वाटलं नाही. तिनं शेषरावांच्या डोक्यावर हेडसेट चढवला, माइक ओठांपाशी आणला, आवाज पूर्ण केला, ज्योत्स्नाला मिस कॉल दिला आणि तिचा उलट फोन येताच उचलला.

शेषरावांना आधी काहीच ऐकू आलं नाही. नेहमीची खरखरही गेली. मग कोणी बाई बोलली.

"बाबा? जय भीम. आयकू येऊन रायलं काय?"

हा कोणाचा आवाज, त्यांना कळेना. लेकीचा आवाज त्यांच्या डोक्यात होता तो शाळेत जाणाऱ्या पोरीचा. त्यानंतर ती त्यांच्याशी ओरडूनच बोलत आलेली, आणि ओरडलेला आवाज सगळ्यांचा सारखाच असतो. हा आवाज भरलेला, थोडा थकलेला, बराचसा भागीरथेच्या लग्नाच्या वेळच्या आवाजासारखा होता. लेक मोठी झाली होती आणि ते त्यांना आत्ता कळत होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी उजवा हात उचलला आणि पंजा दाखवला.

"बाबा, बोला ना काई."

त्यांनी हात आणखी वर केला.

समोर उभ्या भागीरथेला आता काहीच ऐकू येत नव्हतं, सगळा आवाज हेडसेटमध्ये. तिला दिसला तो नवऱ्याचा वर गेलेला पंजा आणि ओला चेहरा. बापलेकीचं झकास चाललंय, असं समजून ती चहा ठेवायला आत गेली.

"बाबा? हॅलो?" थोडा वेळ गेला. मग तोच आवाज जरा लांबून आला, दुसऱ्या कोणाशी बोलत असल्यासारखा. "नाई जमलं, प्रतीक्षा. तिकून काईच नाई."

"मंग ठेव ना फोन. अन् सरांले काय सांगतं? एकटी जातं काय उद्या?"

"नाई म्हनून सांगते. शेजारची सरांची सीट रिकामी रायन म्हनलं की मले भेव वाटते. उतरताना काई चुकलं तं कोन हाय बाजूले? आईले सांगतलं परवा. थे तं झोपलीच नसन. अन् बाबाले सांगाव तं कसं सांगाव? त्याइच्यापरेंत 'बरी हाय' एवढंच पोचते. एकडाव त्याइले माया तोंडानं सांगतलं असतं ना, तं बरं वाटलं असतं."

शेषरावांचा हात अजून वरच होता. तो आपल्याशिवाय कोणाला दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. आता बोलायला हवं. पण पंजा दाखवल्यावर तोंडानं बोलायचं नसतं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की तोंड उघडलं तरी शब्द निघेना. फोन कोणत्याही क्षणी बंद होणार होता. त्यांनी हात खाली घेतला, माइक मुठीत धरला आणि आपल्यालाही ऐकू आला नाही असा आवाज काढला.

"ज्योत्स्ना. ठेवू नोको."

माइक आणखी जवळ ओढून ते पुन्हा म्हणाले,

"मी आयकून रायलो."

"बाबा? कवापासून?"

"पयल्यापासून. हात करून रायलो होतो ना मी."

ती हसली की रडली, ते हेडसेटमधूनही नीट कळलं नाही. "बाबा, तुमचा हात मले अमरावतीले कसा दिसन?" मग म्हणाली, "सगळं आयकलं?"

"सगळं. भेवाचंही."

शेषरावांना उपदेश करता येत नव्हता, तेवढं बोलायची त्यांना सवयच राहिली नव्हती. जे होतं ते त्यांनी सांगितलं. "रेच्यावर पयल्या दिवशी मलेही भेव वाटलं होतं, बेटा. एकाचा हात गेलेला पायला होता मी तठी. पन सांगाव कोनाले? त्या मशिनीत कोनाले आयकूच जात नव्हतं. मी तसाच उभा रायलो. तुयं मी आयकलं. आता थे भेव तुया एकटीजोळ नाई. वाटलं तं उद्या जाय. नाई वाटलं तं परवा जाय."

बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. त्यांना तोही ऐकायला चांगला वाटत होता.

"उद्याच जाते, बाबा," ती म्हणाली.

भागीरथा चहा घेऊन आली तेव्हा हेडसेट मांडीवर होता आणि शेषराव भिंतीकडे पाहत बसले होते. तिनं घाबरून त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, "काय म्हनते?"

त्यांनी तिला जवळ बसवलं आणि शब्दन् शब्द सांगितला. प्रतीक्षा काय म्हणाली तेही. रिकाम्या सीटचं ऐकून भागीरथेनं मान खाली घातली. तिला वाटलं, आता हे रागावतील, कावून लपवलं म्हणतील.

"इतके दिवस तू एकटीनंच आयकलं हे सारं," शेषराव म्हणाले. "अन् मले झोपू देलं. लय केलं तुनं मायासाठी. मले मालूमच नव्हतं." चहा थंड होईपर्यंत ती तिथून उठली नाही.

दुसऱ्या दिवशी शेषरावांनी सकाळपासून हेडसेट जोडून ठेवला. भागीरथेनं अंगणवाडीतून सुट्टी काढली. ऊन चढल्यावर फोन वाजला. शेषरावांनी तो उचलला, आणि कानात असा आवाज घुमला की ते खुर्चीतून उठलेच.

"बाबा! गेली मी! एकटीनं उडवलं अन् एकटीनं उतरवलं!"

भागीरथा त्यांच्या तोंडाकडे पाहत होती, जसे इतकी वर्षं ते तिच्या तोंडाकडे पाहत आले. शेषरावांनी तिला हाताला धरून शेजारी बसवलं. हेडसेटची एक गादी कानावरून ओढून तिच्या कानाला लावली, आणि दुसऱ्या कानाशी राहिलेली आपली गादी घट्ट दाबून धरली. दोघांची डोकी एकमेकांना टेकली.

"हळू बोल, बेटा," ते म्हणाले. "हळू बोललं तरी चालते आता. पयल्यापासून सांग. तुयी मायही आयकून रायली."