न गोठलेलं मेण

मिस्त्रीने भिंतीवर तळहात टेकवला आणि तोंड वाकडं केलं.

“हिला अजून ताप आहे,” तो म्हणाला.

मुलगा हसला नाही. “बाकीच्या खोल्या छान गार आहेत. फक्त बाबांचीच तापते. असं कसं?”

बाबा पलंगाच्या कडेला बसून चष्मा पुसत होते. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या.

उन्हाळा लागण्याआधी इमारतीच्या दर्शनी भिंतींत मेणाच्या चपट्या पेट्या बसवल्या होत्या. दिवसा मेण वितळतं आणि उष्णता पोटात घेतं. रात्रीच्या गार वाऱ्याने पुन्हा गोठतं. एसी लावायची वेळच येत नाही.

मागच्या वर्षापर्यंत घरात एकच एसी होता, मुलाच्या खोलीत. उन्हाळाभर सगळे तिथेच दाटीवाटीने झोपत. नात झोपेत लाथा मारायची. सून “बाबा, कूस बदला, घोरताय,” म्हणायची. आणि उजेडात कधी बोलत नसे असं काहीबाही मुलगा अंधारात बोलायचा. यंदा ज्याची त्याची खोली, ज्याचं त्याचं दार.

“काका, रात्री खिडकी उघडता ना?” मिस्त्रीने विचारलं. “वारा लागला नाही तर मेण गोठणार कसं? आणि गोठलं नाही तर दिवसा उष्णता घेणार कुठून?”

“उघडतो की.” बाबा चाचरले. “म्हणजे... डास येतात.”

“जाळी आहे, बाबा,” सून दारातून म्हणाली.

“जाऊ दे,” मुलगा म्हणाला. “इथे एक छोटा एसी बसवून टाकू.”

“नको, नको. कशाला उगीच?” बाबा घाईने म्हणाले. “फारच उकडलं तर येईन की तुमच्याकडे झोपायला.”

मुलाने त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीच्या घट्ट लावलेल्या कडीकडे. तो मिस्त्रीला चहा विचारून बाहेर गेला.

जेवणं झाल्यावर बाबा खिडकी लावून आडवे झाले. तेवढ्यात दार ढकलून मुलगा आत आला. काखेत उशी, खांद्यावर चादर.

“आमची पण भिंत बिघडली बहुतेक,” तो म्हणाला. “सरका जरा. ही म्हणते, घोरणारे दोघे एका खोलीत गेले तर बरंच.”

बाबा सरकले. दिवा मालवला. थोड्या वेळाने मुलगा ऑफिसातल्या नव्या साहेबाबद्दल सांगू लागला. हळूहळू, आठवून आठवून. सांगता सांगता चादरीच्या टोकाने मान पुसत होता. मग कपाळ. मग पुन्हा मान.

बाबा उठले. चाचपडत कडी काढली आणि खिडकी सताड उघडली.

“राहू द्या ना, बाबा. वाऱ्याने लगेच गार होईल खोली.”

“होऊ दे. उकडतंय तुला.”

वारा आत आला, भिंतीला लागला. बाबा परत येऊन मुलाशेजारी पडले.

“हं,” ते म्हणाले, “मग? साहेब काय म्हणाला?”