प्रोसेसरचा छोटा पंखा

१९९८च्या एप्रिलात यशोधरा पाथर्डीहून एसटीने नगरला आली, ती पिशवीत थर्मामीटर घालूनच. कॉलेजात ती रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायची. घरी टायपिंगची कामं घ्यायला तिला कॉम्प्युटर जोडून हवा होता.

दुकानदार कानिफनाथने तिच्यासमोरच एकेक भाग बसवला. राहिला प्रोसेसर गार ठेवणारा पंखा. त्याने दोन काढून ठेवले, एक काडेपेटीएवढा आणि एक चांगला जाडजूड.

"छोटा घ्या ताई. आवाज करत न्हाई. मी सगळ्यांना हाच देतो."

"आमच्या खोलीवर पत्रा हाय. दुपारी बेचाळीस असतं. चालंल?"

"बिनधास्त."

"मग लावून दाखवा."

तिने थर्मामीटर पंख्याखालच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांत खोचला. पारा पन्नास झाला, साठ झाला. कानिफनाथ समोरच्या हॉटेलात चहा सांगून आला आणि बघतो तर पारा अठ्ठ्याहत्तरवर! पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजलेला. त्याने माउस हलवला, बटणं बडवली. काही नाही.

"व्होल्टेज..." तो सवयीने म्हणाला.

"स्टॅबिलायझर तर तुमच्याच दुकानातला हाय."

त्याने मोठा पंखा लावला. दोन तास पारा एकावन्नच्या वर सरकला नाही. यशोधरा मोठा पंखा बसवलेला कॉम्प्युटर घेऊन गेली, पण कानिफनाथ स्टुलावरून उठलाच नाही. दोन वर्षांत सात जण त्याच्याकडे हीच तक्रार घेऊन आले होते. सातही जणांना त्याने 'तुमच्याकडची लाईट खराब' म्हणून वाटेला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सात मोठे पंखे पिशवीत टाकून त्याने पाथर्डीची गाडी धरली. पुढे जीपने तो त्या सातांतल्या पहिल्या गिऱ्हाइकाकडे, एका गावच्या शाळेत पोहोचला. हेडमास्तर रंगनाथ सरांनी हसून कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप उघडलं.

"आता ठीक हाय. बंदच ठेवलाय. जयमालाबाई शिकवायला बसल्या की हमखास बंद पडायचा. मी म्हटलं, बाईंचा हातच लागतो त्याला. वर्ष झालं, त्यांना या खोलीत येऊ दिलं न्हाई."

कानिफनाथने विचारलं, "बाई कधी शिकवायच्या?"

"दुपारी. सलग दोन तास."

त्याने पिशवीतला मोठा पंखा काढून पुढे धरला. कसंबसं तो म्हणाला, "सर, चूक माझी हाय. पंखा लहान दिला मी. तापून बंद पडायचा तो. बाईंचा काई संबंध न्हाई."

रंगनाथ सरांनी जयमालाबाईंना बोलावून घेतलं. तोवर कानिफनाथने मोठा पंखा बसवला होता; त्याने पुन्हा सगळं सांगितलं. बाई दाराच्या चौकटीबाहेरच थांबल्या होत्या.

"मलाही तसंच वाटायला लागलं हुतं," त्या हळूच म्हणाल्या. "घरी मिक्सरलासुद्धा हात लावत न्हवते मी."

"माफ करा बाई," कानिफनाथ म्हणाला.

"मला एकटीला सांगू नका. उद्या सकाळी प्रार्थनेला या. पोरांसमोर सांगा. सरांनीही सांगावं."

त्या रात्री कानिफनाथ पाथर्डीला परतला. यशोधराचं घर तिथंच होतं, पण तिला तोंड दाखवायचं धाडस झालं नाही. तो स्टँडवरच झोपला. सकाळी शाळेच्या अंगणात तो अडखळत बोलला. त्याच्यामागून मान खाली घालून रंगनाथ सर बोलले. पोरं अवाक होऊन एकदा सरांकडे, एकदा बाईंकडे बघत होती.

प्रार्थना सुटली. जयमालाबाई सातवीच्या वर्गाला म्हणाल्या, "चला, चपला बाहेर काढा," आणि सगळ्यांच्या आधी स्वतः कॉम्प्युटरच्या खोलीत शिरल्या.